चंद्रावरच्या दगडांचा नकाशा कसा काढतात?

नागपूरच्या भूशास्त्रीय नकाशात चौक, उड्डाणपूल, मेट्रो यांतलं काहीच नसतं. असतात ते रंगांचे पट्टे. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरीच्या बाजूला सगळा काळा बेसाल्ट. पूर्वेकडे सरकलं की तो संपतो आणि त्याच्या कितीतरी आधीचे, नाइससारखे खडक सुरू होतात. कामठी-सावनेरकडे पोटात कोळसा घेऊन बसलेले गोंडवनाचे थर. म्हणजे एकाच शहराच्या आसपास, गाडीने तासाभरात फिरून होईल एवढ्या टापूत, कोट्यवधी वर्षांच्या अंतराने तयार झालेले खडक शेजारी शेजारी नांदतात.

या नकाशातला प्रत्येक रंग दोन गोष्टी सांगतो: खडक कुठला आणि तो कोणाच्या आधी किंवा कोणाच्या नंतर आला. यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची. नुसत्या खडकांची नावं हवी असतील तर यादी पुरते. नकाशा लागतो तो घटनांचा क्रम लावायला. आणि दोन रंगांमधली प्रत्येक रेघ हा कुणीतरी केलेला दावा असतो. तो चुकूही शकतो. चंद्राच्या नकाशाच्या बाबतीत तो एकदा चांगलाच चुकला होता, त्याबद्दल पुढे येईलच.

पृथ्वीवर असा नकाशा करायची रीत ठरलेली आहे. हातोडा, भिंग आणि होकायंत्र घेऊन चालत सुटायचं. विहिरीतून उपसलेला मुरूम पाहायचा, रेल्वेसाठी कापलेल्या टेकडीची कड पाहायची, शंका आली की दगड फोडायचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं मुख्यालय सेमिनरी हिल्सलाच आहे. तिथल्या माणसांच्या नोकरीचा मोठा भाग अशा पायपिटीत जातो. चंद्रावर ही सोय नाही. तिथे माणसं उतरली ती फक्त सहा ठिकाणी, तीही सगळी आपल्याला दिसणाऱ्या बाजूला. बाकीचा सगळा गोल पाहिला गेला तो वरून किंवा दुरून. तरी चंद्राच्या भूशास्त्रीय नकाशाचं मूळ काम अपोलो उतरण्याआधीच सुरू झालं होतं, आणि त्याचा पाया आजही तोच आहे.

दोन रंगांचा चंद्र

नकाशातली सगळ्यात ठळक सीमा तर नुसत्या डोळ्यांनी दिसते. आपण ज्याला सशाचा आकार म्हणतो ते काळे डाग, आणि भोवतालचा उजळ भाग. हे दोन वेगळे खडक आहेत.

उजळ भाग आधीचा. चंद्र जन्मला तेव्हा त्याचा बाहेरचा बराचसा थर वितळलेला होता, शिलारसाचा खोल समुद्रच. तो थंड होऊ लागला तशी लोह-मॅग्नेशियमची जड खनिजं तळाला बसली आणि प्लॅजिओक्लेझ हे हलकं, फिकट खनिज वर तरंगलं. त्या तरंगलेल्या सायीचं कवच झालं. या खडकाला अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणतात. काळे डाग त्यानंतरचे. मोठमोठ्या अशनींच्या धडकांनी कवचात शेकडो किलोमीटर रुंदीची खोरी पडली, आणि पुढे आतून वर आलेल्या लाव्हाने ती भरून निघाली. तो लाव्हा थिजून झालेला खडक म्हणजे बेसाल्ट, आपल्या बर्डीच्या टेकडीचा सख्खा भाऊ. जुन्या निरीक्षकांनी या डागांना सागर म्हटलं आणि तेच नाव टिकलं. पाण्याशी त्याचा संबंध नाही. चंद्राच्या पृष्ठभागाचा सुमारे १७ टक्के भाग या सागरांनी व्यापलाय आणि त्यातला बहुतेक आपल्या बाजूला आहे. पलीकडची बाजू पहिल्यांदा दिसली ती १९५९ साली सोव्हिएत लूना-३ यानाने काढलेल्या फोटोंत, आणि तिथे काळे डाग जवळपास नाहीतच हे पाहून शास्त्रज्ञ चक्रावले. पलीकडचं कवच जाड आहे हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. फक्त त्या बाजूलाच इतकं जाड का, यावर मात्र अजून एकमत नाही.

आधी कोण, नंतर कोण

आता क्रम लावायचा कसा? नागपूरकरांना हे शिकवायची गरज नाही. गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो, मग कुणीतरी तो पाइपसाठी खणतं आणि वर डांबराचं ठिगळ लावतं, मग त्या ठिगळाला छेदून केबलचा चर जातो. कुठलीही निविदा न वाचता, नुसतं उभं राहून सांगता येतं की आधी काय झालं. जे दुसऱ्याला कापतं किंवा झाकतं ते नंतरचं. चंद्राचा अख्खा कालक्रम या एका नियमावर उभा आहे.

याचा उत्तम नमुना मारे इम्ब्रियम या मोठ्या सागराभोवती सापडतो. चंद्राच्या उत्तर अर्ध्यातला हा भला थोरला काळा डाग. शुद्ध अष्टमीच्या संध्याकाळी साध्या दुर्बिणीतून त्याच्या काठाचे अ‍ॅपेनाइन पर्वत सावल्यांसकट उठून दिसतात. पौर्णिमेला हे पाहायला जाऊ नये. तेव्हा ऊन थेट डोक्यावरून पडतं, सावल्या नसतात आणि सगळं सपाट वाटतं. तर, सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी आदळला आणि हजार किलोमीटरहून रुंद खोरं पडलं. हे पर्वत म्हणजे त्याच खोऱ्याची वर उचललेली कड. या खोऱ्याच्या आत आर्किमिडीज नावाचं सुमारे ८० किलोमीटर व्यासाचं विवर आहे. ते खोऱ्यात पडलंय, म्हणजे खोऱ्यानंतरचं. पण त्याचा तळ लाव्हाने भरून सपाट झालाय आणि बाहेर उधळलेला मलबाही लाव्हाखाली गेलाय, म्हणजे ते लाव्हाच्या आधीचं.

हा एवढासा निष्कर्ष फार महत्त्वाचा ठरला. खोरं पडलं आणि लगेच त्याच धक्क्याने लाव्हा उसळला, अशी एक समजूत होती. आर्किमिडीजने दाखवून दिलं की मध्ये चांगला मोठा काळ गेला होता, एवढा की तेवढ्यात मोठी विवरं पडू शकली.

नागपूरला याचा जोडीदार आहे. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्सला आहे, ते मिशनरी होते आणि हाडाचे खडकशोधकही. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५०च्या दशकात टाकळी परिसरात बेसाल्टच्या दोन थरांच्या मध्ये दबलेले गाळाचे थर अभ्यासले. त्यात गोड्या पाण्यातले शंख-शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष होते. म्हणजे लाव्हाचा एक लोंढा येऊन थंड झाला, वर तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि मग पुढचा लोंढा आला. दख्खनचा बेसाल्ट एका झटक्यात आला नाही हे सांगणारा तो पुरावा, आणि विचार करण्याची रीत आर्किमिडीजसारखीच.

इम्ब्रियमच्या काठाशीच एराटोस्थेनीस नावाचं आणखी एक विवर आहे. ते लाव्हा थिजल्यानंतर पडलं. पण त्याच्यावर शेजारच्या ९३ किलोमीटर व्यासाच्या कोपर्निकस विवरातून उडालेल्या मलब्याचे पांढुरके किरणपट्टे पसरलेत. म्हणून कोपर्निकस त्याच्यानंतरचं. खोरं, आर्किमिडीज, लाव्हा, एराटोस्थेनीस, कोपर्निकस असा क्रम झाला. १९६२ साली यूजीन शूमेकर आणि रॉबर्ट हॅकमन या अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी याच परिसरावरून चंद्राचा कालक्रम मांडला. पुढे त्यात सुधारणा होऊन आज पाच कालखंड मानतात: नेक्टेरिसपूर्व, नेक्टेरियन, इम्ब्रियन, एराटोस्थेनियन आणि कोपर्निकन. नावं सगळी जागांची आहेत, पण वापरली जातात वेळेसाठी.

किरणपट्ट्यांचं आणखी थोडं. ते कायम टिकत नाहीत. बारीक उल्काकणांचा मारा आणि सूर्यवाऱ्याचे कण यांमुळे चंद्राची माती हळूहळू काळवंडत जाते आणि साधारण १०० कोटी वर्षांत पट्टे पुसट होतात. पट्टे ठसठशीत असतील तर विवर ताजं समजायचं. सगळ्यात ठसठशीत पट्टे दक्षिणेकडच्या टायको विवराचे. कोजागरीला दुधाचा पेला हातात असताना खालच्या बाजूला जो झगझगीत ठिपका आणि त्यातून फुटलेल्या रेघा दिसतात, तोच टायको. त्याचं वय साधारण ११ कोटी वर्षं धरतात. आपला दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा. म्हणजे चंद्राच्या नकाशात ज्याला सगळ्यात तरुण गटात टाकलंय, ते विवर बर्डीची टेकडी तयार होण्याच्या फार आधीचं आहे. पाऊस नाही, नदी नाही, वारा नाही, एकमेकांवर सरकणारे भूपट्ट नाहीत. म्हणून तिथे ३०० कोटी वर्षांचा लाव्हा अजून ताज्यासारखा पडून आहे.

वर्षांचा आकडा कुठून आला

क्रम लागला तरी वर्षं कळत नाहीत. त्यासाठी विवरं मोजतात. जमीन जितकी जुनी तितके तिच्यावर जास्त आघात. सारख्या क्षेत्रफळाच्या दोन पट्ट्यांवर अमुक आकारापेक्षा मोठी विवरं किती, हे मोजलं की कुठला पट्टा जुना ते ठरतं. काम कंटाळवाणं आहे आणि त्यात फसगतही होते: एका मोठ्या आघातातून उडालेले दगड आजूबाजूला आपटून शेकडो छोटी विवरं करतात, ती अशनींची म्हणून मोजली तर जमीन उगाच म्हातारी ठरते.

मोजणीचं वर्षांत रूपांतर करायला मात्र प्रत्यक्ष दगडच लागतो. अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगड-माती आणली. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून त्यांची वयं काढली, ते दगड ज्या जमिनीवरून उचलले तिथली विवरं मोजली, आणि दोन्हींची सांगड घातली. मग जिथे कुणी गेलं नाही तिथेही मोजणीवरून वय काढता येऊ लागलं. अडचण एवढीच की अपोलोचे बेसाल्ट बहुतेक ३०० कोटी वर्षांहून जुने होते, आणि त्यानंतरच्या फार मोठ्या काळासाठी भरवशाचा नमुना नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग-अ-५ यानाने १,७३१ ग्रॅम माती आणली. तिच्यातला बेसाल्ट २०० कोटी वर्षांचा निघाला. रिकाम्या जागेत मधोमध एक खुंटी ठोकली गेली. त्यासोबत नवा प्रश्नही आला: एवढा लहान गोळा इतक्या उशिरापर्यंत आतून गरम राहिला कसा?

नकाशा चुकला ती गोष्ट

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो-१६ डेकार्त नावाच्या उंच प्रदेशात उतरलं. जागा मुद्दाम निवडलेली होती. फोटोंवरून केलेल्या नकाशांत तिथल्या सपाट मैदानांना आणि खडबडीत टेकड्यांना ज्वालामुखीजन्य ठरवलं होतं. तर्क चांगला होता: खोलगट जागी सपाट, गुळगुळीत भराव दिसला की तो लाव्हा असणार. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक खाली उतरले, दगड उचलू लागले आणि ज्वालामुखीचा दगड काही केल्या मिळेना. मिळाले ते ब्रेशिया, म्हणजे आघाताने फुटून, चेपून, पुन्हा सांधले गेलेले तुकडे. ती मैदानं लाव्हाची नव्हती; लांबवरच्या प्रचंड आघातांतून उडालेला मलबा वाहत येऊन तिथे साचला होता.

माझ्या मते चंद्राच्या नकाशाच्या इतिहासातली ही सगळ्यात उपयोगी घटना. क्रम बरोबर होता, खडकाची जात चुकली होती. वरून आकार दिसतो, पोत दिसतो, कोण कोणावर आहे ते दिसतं. पण सारखा आकार दोन वेगळ्या कारणांनी होऊ शकतो. तेव्हापासून नकाशे करणारे लोक जे दिसतं त्याचं वर्णन आणि ते कशामुळे झालं याचा अंदाज, हे दोन्ही वेगळं लिहायला शिकले.

दगड न उचलता त्याची जात ओळखायची दुसरी वाट म्हणजे प्रकाश. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतं. बेसाल्टमधलं पायरॉक्झिन अवरक्त प्रकाशात साधारण एक आणि दोन मायक्रोमीटरच्या आसपास शोषण दाखवतं. फिकट प्लॅजिओक्लेझचा ठसा त्याहून निराळा. २२ ऑक्टोबर २००८ रोजी सुटलेल्या चांद्रयान-१ वर नासाचं असं एक उपकरण होतं. २००९ साली जाहीर झालेला चंद्रावरच्या पाण्याच्या अंशाचा शोध त्याच्याच नोंदींतून आला. बातम्या पाण्याच्याच झाल्या, पण भूशास्त्रज्ञांसाठी त्याने केलेला खनिजांचा नकाशा तितकाच मोठा होता. चांद्रयान-२ हे यान २०१९ पासून चंद्राभोवती फिरतंय. त्यावरचं एक उपकरण सूर्याच्या क्ष-किरणांनी चेतवलेली मूलद्रव्यं ओळखतं, आणि एक कॅमेरा सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंतचे तपशील टिपतो. मर्यादा अशी की प्रकाशाने किंवा क्ष-किरणांनी दिसते ती फक्त वरची धूळ. खालचा खडक तोच असेल याची हमी नाही.

म्हणून चांद्रयान-३ चं मोल. २३ ऑगस्ट २०२३ ला ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरलं. प्रज्ञान हा रोव्हर तिथे शंभरेक मीटर फिरला आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलेल्या उपकरणाने त्याने २३ ठिकाणी मातीची रासायनिक घडण मोजली. माती मुख्यतः अ‍ॅनॉर्थोसाइटचीच निघाली, म्हणजे वितळलेल्या समुद्रावर तरंगून आलेल्या सायीची कल्पना विषुववृत्तापासून इतक्या दूरही टिकली. मॅग्नेशियम मात्र थोडं जास्त होतं. दक्षिण ध्रुव-एटकेन या अवाढव्य खोऱ्याचा काठ तिथून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे. ते खोरं पडताना खोलातला माल उसळून इथवर आला असावा, असा शास्त्रज्ञांचा अर्थ.

लोणारला थर उलटे का?

मोठा आघात म्हणजे फुकटात मिळालेली खोदविहीर. तळाशी असलेलं वर येतं. कोपर्निकसच्या मधल्या शिखरांत ऑलिव्हिन हे खोलातलं खनिज दिसतं ते यामुळेच. पण त्याचा तोटाही आहे: काठावर थर उलटे होऊन पडतात, जुना वर आणि नवा खाली, आणि वरचं ते नंतरचं हा नियम नेमका तिथेच दगा देतो.

हे पाहायला विदर्भातच जागा आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, थेट बेसाल्टमध्ये पडलेलं आणि आकार टिकवून असलेलं विवर. पृथ्वीवर असं उदाहरण दुर्मीळ, आणि चंद्राचे सागरही बेसाल्टचेच. म्हणून अपोलोचे दगड प्रयोगशाळेत असतानाच, १९७३ साली, लोणारमधल्या आघाताच्या खुणा चंद्राशी ताडून पाहिल्या गेल्या. त्याआधी कित्येक वर्षं ते ज्वालामुखीचं तोंड मानलं जात होतं. काठावरून खाली पाहिलं की बेसाल्टचे एरवी आडवे असणारे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. त्याचं वय काढताना झालेली ओढाताणही बोलकी आहे: एका पद्धतीने ५० हजार वर्षं आली, नंतर आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दगड हातात असून ही गत, तर दुरून काढलेल्या आकड्यांना किती चिकटून राहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

चंद्राचे जुने सहा नकाशे १९७०च्या दशकातले होते. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते नव्या उंचीच्या मोजणीशी जुळवून २०२० साली एकसंध नकाशा काढला. प्रमाण पन्नास लाखास एक, म्हणजे एक सेंटिमीटरला ५० किलोमीटर. या प्रमाणात नागपूर ते लोणार हे सरळ रेषेतलं अंतर सहा सेंटिमीटर भरेल आणि लोणारचं विवर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, म्हणजे ते नकाशात येणारच नाही. नकाशा फुकट उतरवून घेता येतो. वाचायची किल्ली सोपी: प्रत्येक तुकड्यावर अक्षरं असतात, पहिलं मोठं अक्षर कालखंडाचं आणि पुढचं छोटं खडकाच्या प्रकाराचं. सी-सी असेल तर कोपर्निकन काळातलं विवर, आय-एम असेल तर इम्ब्रियन काळातला सागर. पिवळे ठिपके दिसले की ती तरुण विवरं. २०२४ साली चीनने याच्या दुप्पट तपशिलाचा, पंचवीस लाखास एक प्रमाणाचा नकाशा प्रसिद्ध केला.

दोन्ही नकाशांत दक्षिण ध्रुवाकडच्या बऱ्याच रेघा अजून मोजणी आणि अंदाजावरच ओढलेल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने चांद्रयान-४ मोहिमेला मंजुरी दिली आहे. चंद्रावर उतरून नमुने पृथ्वीवर आणणं हे तिचं काम. कुठून आणायचे, यावर नकाशावाल्यांचा आग्रह साधा असतो: दोन रंगांच्या रेघेजवळून, म्हणजे एकाच खेपेत दोन्ही बाजूंचं वय कळेल. पण सुरक्षित उतरायला सपाट जागा लागते आणि रेघा सहसा चढावर असतात. ही ओढाताण अपोलोच्या वेळीही होती.